काया रंग

आधीची तीन गेली, म्हणून चौथ्याला
जन्मल्या जन्मल्या सुपात घालून ओसरीभर ओढलं
आणि नाव ठेवलं सुपडू.

चोपड्याच्या जुन्या स्टँडमागे, सुपडू भावसारांच्या अंधाऱ्या खोलीत
मी ट्रे हलवायला होतो.
महिना साठ रुपये, दुपारचा चहा.
"पाखड," म्हणायचे अण्णा, "लाट नको. नुसतं पाखड."
लाल बल्बाखाली कागद पाखडताना
आधी कुंकू यायचं, मग मिशा,
मग शर्टाची बटणं,
हसू सगळ्यात शेवटी, आलं तर.

आजा कापडावर ठसे मारायचा,
बाप कोपरापर्यंत निळा.
अण्णांच्या वाट्याला पेटीभर ठसे आले, वाळवी लागलेल्या कोयऱ्यांचे.
पेटी विकून त्यांनी कॅमेरा घेतला.
एक पटाशी तेवढी मागे ठेवली.

रेशनकार्ड, दाखला, मतदार,
तीन रुपयांत तीन प्रती.
हायपोच्या तळाशी बसलेली चांदी
वर्षातून एकदा सराफाकडे जायची.
इंदूकाकूच्या जोडव्यांत
असा अर्धा तालुका धुऊन उतरलेला.
ती चहा घेऊन फरशीवरून टकटकत आली की
"आले," म्हणायचे अण्णा, "यावल रस्त्याचे लोक."

भोंगऱ्याला मात्र दुकान बंद.
सायकलवर पडदा, पडद्यावर विमानाची शिडी.
सातपुड्याच्या बाजारात, ढोलांच्या धुळीत
दिवसभर फोटो.
प्रती पुढच्या भोंगऱ्याला वाटायच्या.
जे आले नाहीत,
गुजरातेत दिलेल्या, तोडीला गेलेले, किंवा नुसतेच नाहीत,
त्यांना अण्णा सागाच्या फळीवर कोरायचे.
"फोटो ज्याचा त्याला. न आलेला माझा."

आमच्या बोलीत ळ नाही.
काळ्या रंगाला काया रंग म्हणतात.
रोलर फिरवत ते बजावायचे,
"काया नीट चढू दे. पातळ राहिली
तर माणूस उभा राहत नाही."

रेली पावरा तीन वर्षांनी आली.
तारेवर ठसा सुकत होता, तिचाच,
विळा उगारलेला, दात दिसत होते.
तिनं बघितलं. मग स्वतःचा हात बघितला.
"ही मी नाही. मी डावरी.
ही माझी बहीण असेल तर असेल,
पण मला बहीण नाही."
चहाला थांबली नाही.

सात पिढ्या ज्यांनी सगळं उलटं कोरलं
त्यांचा माणूस,
चेहरा समोर आला तेव्हा
सरळ बघत राहिला.

काकू सांगायची, दोन दिवस जेवले नाहीत.
मला तसं आठवत नाही. बिड्या वाढल्या होत्या.
तिसऱ्या दिवशी त्यांनी तीच फळी पालथी केली
आणि मागच्या बाजूला पुन्हा रेली काढायला घेतली,
लाकडात उजवी.
रेली परत आली नाही.

आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
परवा, सेहेचाळीस अंशांत,
अण्णांच्या पुतण्याकडे कूलरमध्ये पाणी ओतायला वाकलो,
तर त्याच्या एका पायाखाली फळी.
डुगडुगतो ना, तो म्हणाला.
मी चौपट घडी घातलेला पुठ्ठा सारला
आणि फळी पिशवीत घातली.

फुगलेली, दोन्हीकडून रेली,
कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा.
प्रेसमधून डबीभर शाई मागून आणली.
कागद म्हणून लग्नपत्रिकेची पाठ.
वाटीतला स्टीलचा चमचा घेऊन
घासत बसलो, गोल गोल,
लाईट गेली तेव्हासुद्धा.

कोपरा धरून उचलला.
चेहऱ्यावरून एक पांढरी रेघ गेलेली,
ती कूलरची.
विळा डाव्या हातात.

बायको रागावली आहे.
तीनदा घासला, राखेनं, लिंबानं,
चमच्याची काया काही निघत नाही.